दालनात माणसं असतात का?

आभाळाला भोक पाडण्याची आपली ऐपत आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मी आधी बायकोला विचारतो. पण सरकारी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की, आमच्या वाचनालयाच्या दुर्मीळ ग्रंथ दालनात जे लाल सिलिंडर बसवलेले आहेत त्यांत हॅलॉन नावाचा आग विझवणारा वायू असून तो ओझोनच्या थराला घातक आहे. सबब मानद चिटणीस या नात्यानं मी तो काढून घ्यावा, मान्य यादीतला निर्धोक पर्याय बसवावा, नाहीतर दालनाला टाळं लागेल.

मानद चिटणीस म्हणजे ज्याला मान सोडून बाकी सगळं मिळतं असा माणूस.

ते सिलिंडर कुणा देणगीदारानं फार पूर्वी बसवून दिले होते. विचार त्यामागे चांगलाच होता. जुन्या पुस्तकांना आग लागली तर आग जे ठेवते ते पाणी संपवतं. हा वायू मात्र आग विझवतो आणि पुस्तकाच्या पानाला ओलसुद्धा लागू देत नाही. खरं सांगायचं तर आमच्या हॅलॉननं इतक्या वर्षांत आगपेटीची एक काडीही विझवली नव्हती. बिचाऱ्यानं अजून टाकीबाहेर तोंडही काढलं नव्हतं. न केलेल्या गुन्ह्याबद्दल त्याला तडीपार करायचं, हे मला जरा जास्तच वाटलं आणि मी तसं घरी बोललो.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरातलं कुठलंही बोलणं शाळेच्या तासासारखं होतं.

"तो सुटला की हळूहळू वर जातो," ती म्हणाली. "वर त्यातला ब्रोमीन मोकळा होतो आणि ओझोन खात सुटतो. ओझोन गेला की उन्हातले वाईट किरण सरळ आपल्या अंगावर."

"आपल्या एवढ्याशा टाक्यांनी काय होणार?"

"सगळे हेच म्हणाले, म्हणून तर ही वेळ आली."

यावर नवऱ्यानं पेपर वाचावा, हे उत्तम. मी तेच केलं.

वाचनालयाचे अध्यक्ष आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहतात. 'करायचंच कशाला?' हे त्यांचं जीवनाचं सूत्र आहे आणि त्या जोरावर ते वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येतात. मी पत्र घेऊन वर गेलो. त्यांनी ते चष्म्यातून, मग चष्म्याशिवाय वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चिटणीस, एक दिवस पहाटे जायचं, खिडक्या उघडायच्या, टाकीचा खटका ओढायचा आणि घरी येऊन झोपायचं. वायूच तो. उडून गेला, म्हणायचं."

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं तर चार दिवस जिन्यानं जायला लाजता तुम्ही. आणि आभाळाला भोक पाडून झोप लागेल?"

लागली नसती. पहाटेचा बेत बारगळला.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. आमच्या इमारतीत घासलेटाचा स्टोव्ह पेटवता न येणारी माणसंही अग्निशमनावर बोलू शकतात, हे मला तेव्हा कळलं. तळमजल्यावरच्या आजींनी वाळूच्या बादल्या सुचवल्या. एकानं सिलिंडर हिरवे रंगवायला सांगितलं. म्हणाला, पर्यावरणवाल्यांना हिरव्या रंगाचं फार. समोरच्या वहिनींचा प्रश्न मात्र वर्मी लागला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मुळात तुमच्या वाचनालयात आग लागण्यासारखं काही घडतं का हो?"

मग अध्यक्षांनी आपल्या मेहुण्याला आणलं. हा मेहुणा सर्व विषयांतला संशोधक. त्यानं घरच्या घरी एक मिश्रण तयार केलं होतं. त्याला ना वायू म्हणता येत होतं, ना पावडर. डब्यावर मात्र त्यानं स्वतःच्या हातानं पृथ्वीचं चित्र काढून तिला हसरा चेहरा दिला होता. वाचनालयाच्या अंगणात प्रात्यक्षिक झालं. पत्र्याच्या डब्यात रद्दी पेटवली, मेहुण्यानं फवारा मारला आणि आग खरोखर विझली. पण पाठोपाठ आमच्या कार्यकारिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका सद्गृहस्थांनी वहाणा काढून, हात जोडून, "कोण गेलं?" असं विचारलं. खजिनदारांनी नाक पुसत माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मात्र ते मिश्रण घेऊन सरकारी कचेरीत गेलो, कारण अध्यक्षांचा मेहुणा म्हणजे शेवटी संस्थेचाच मेहुणा.

कचेरीत पर्यायी वायूंचं टेबल एका तरुण अधिकारी बाईंकडे होतं. त्यांचं खरं नाव दारावर होतं, पण आमच्या कार्यकारिणीत त्या पहिल्या दिवसापासून 'ओझोनबाई' झाल्या. त्यांनी डब्यावरची हसरी पृथ्वी पाहिली आणि विचारलं, "यादीत आहे?"

"अजून नाही. पण आग विझते, बाई. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, डोळे उघडे होते तोवर."

"आग विझणं ही पहिली पायरी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढं बघायचं की ओझोनला काही होत नाही ना, हवा तापत नाही ना, आणि मुख्य म्हणजे खोलीतल्या माणसाला काही होत नाही ना. एक संकट घालवायला दुसरं घरात घेतलं तर काय उपयोग? म्हणून यादी असते."

मला हे मनापासून पटलं. असं सरळ बोलणारा माणूस सरकारी कचेरीत भेटला की मन भरून येतं. मग त्यांनी कामाची पद्धत सांगितली आणि भरून आलेलं मन पुन्हा रिकामं झालं. नवे सिलिंडर बसल्याशिवाय जुने काढता येणार नव्हते, कारण मधल्या काळात पुस्तकं उघडी पडतात. जुने काढल्याशिवाय नवे बसणार नव्हते, कारण भिंतीला जागा तेवढीच. जुना वायू हवेत सोडायचा नाही, संकलन केंद्रात जमा करायचा. केंद्र तो वजन केल्याशिवाय घेत नाही. आणि वजन भिंतीवर टांगलेल्या सिलिंडरचं होत नाही.

"मग लोक काय करतात?" मी विचारलं.

"बहुतेक लोक इथवर आले की आजारी पडतात," ओझोनबाई म्हणाल्या. थट्टा करत होत्या की माहिती देत होत्या, ते मला आजवर कळलेलं नाही. "तुम्ही आधी वायू ठरवा. मधल्या काळाची परवानगी मी बघते."

वायू ठरवायला त्यांनी यादी पुढे केली. तिचे दोन भाग होते. एकात, जिथं माणसं वावरतात अशा खोल्यांना चालणारे वायू. दुसऱ्यात, जिथं कोणी नसतं तिथंच चालणारे. दुसऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड होता. स्वस्त, साधा, ओळखीचा. आपण रोज श्वासातून सोडतो, म्हणजे जवळपास घरचाच.

"दालनात माणसं असतात का?" ओझोनबाईंनी विचारलं.

मी हा प्रश्न कार्यकारिणीपुढं ठेवला. अध्यक्ष खो खो हसले. "दुर्मीळ ग्रंथ दालनात? अहो, ग्रंथांपेक्षा वाचक दुर्मीळ! लिहा, कोणी नसतं." मीही आठवून पाहिलं. मी तिथं कामावर जायच्या आधी सकाळी डोकवायचो, तेव्हा कपाटं आणि झुरळं सोडून कोणी नसायचं. मी लिहिलं, 'दालनात कोणीही नसते', आणि खाली झोकदार सही ठोकली. माझ्या सहीचा शेवटचा फराटा फार सुंदर येतो. त्या दिवशी तर तो विशेषच आला होता.

पाहणीला ओझोनबाई भर दुपारी आल्या. मी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दार ढकललं. आत गार होतं आणि जुन्या कागदांचा वास येत होता. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "पाहा. इथं चिटपाखरूसुद्धा फिरकत नाही."

शेवटच्या कपाटामागून कोणीतरी शिंकलं.

"झुरळ असेल," मी म्हणालो. माणूस घाबरला की काय बोलेल याचा नेम नसतो.

कपाटामागं भिंतीला टेकून तीन म्हातारे बसले होते. घडीच्या खुर्च्या, पायाखाली सतरंजी, मधे पाण्याचा तांब्या. सगळा संसारच मांडलेला. एक अतिशय उंच, एक अतिशय गोल. मधल्या गृहस्थांच्या पाठीशी जी उशी होती तिचा अभ्रा माझ्या ओळखीचा निघाला. तो आमच्या दिवाणावरचा होता. आणि त्या उशीला टेकलेले माझे सासरे होते.

सासरे आमच्याकडेच राहतात. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. जेवण झालं की "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडतात ते थेट चहाला परततात. इतके पाय मोकळे करणाऱ्या माणसाचं पोट आत का जात नाही, असा प्रश्न मला अधूनमधून पडायचा. त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं.

"या, जावईबापू," ते म्हणाले. "पाहुण्यांना बसायला द्या. खुर्ची कमी पडेल. हे उंचराव उभे राहतील."

"हे कोण?" ओझोनबाईंनी मला विचारलं.

"कोणी नाही," सासरेच म्हणाले. "आम्ही निवृत्त आहोत, बाई. आम्हाला माणसांत धरू नका."

"गॅसला पेन्शन कळत नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "समजा, आत्ता भोंगा वाजला. निघा बाहेर."

तिघंही उठले. म्हणजे, उठू लागले. गोलरावांची एक चप्पल सतरंजीखाली गेली होती. उंचरावांना चष्म्याशिवाय दार दिसेना आणि चष्मा कुठं ठेवला हे चष्म्याशिवाय दिसेना. सासरे दारापर्यंत गेले आणि उशीसाठी परत फिरले. दाराशी पुन्हा "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" असा सभ्यपणा झाला. ते बाहेर आले तेव्हा खूश दिसत होते. आपण चांगले चपळ आहोत असं त्यांचं मत झालं होतं.

ओझोनबाई हसल्या नाहीत. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कार्बन डायऑक्साइड ज्या मापात आग विझवतो ना, त्या मापात माणूसही विझतो. हे तिघं अजून आत आहेत, असं समजा."

ज्या कागदावर मी झोकात 'कोणीही नसते' लिहिलं होतं, त्या कोणीही नसण्यात माझ्या बायकोचे वडील उशी घेऊन बसले होते.

संध्याकाळी घरी चहा आला तो बिनसाखरेचा. आमच्याकडे हा दंडसंहितेचा भाग आहे.

"बाबा कोणी नाहीत असं तुम्ही लिहून दिलंत?" बायको म्हणाली.

"मी दालनाबद्दल लिहिलं."

"दालनात कोण होतं?"

मी चहा प्यायलो. तेव्हा सासरेच मधे पडले. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "जावयाचं काय चुकलं? दुपारी अडीचच्या सुमाराला मलाही कधीकधी वाटतं, की आपण कोणी नाही."

ते हसून म्हणाले. बायकोनं साखरेचा डबा आणला आणि आधी त्यांच्या कपात, मग माझ्या कपात साखर घातली. मी चमचा ढवळत बसलो. ठरवून टाकलं की, दालनात माणसं असतात. यापुढं नेहमीच असतील.

अध्यक्षांना हे मानवलं नाही. माणसांना चालणारा वायू महाग. त्यांनी सभेत सोपी तोड काढली, "वायू स्वस्तातला ठेवू. त्या तीन म्हाताऱ्यांना काढा."

मी सभांमध्ये फारसा बोलत नाही. इतिवृत्त लिहीत असल्यामुळे आपण जे बोलू ते आपल्यालाच लिहावं लागेल, ही भीती असते. पण त्या दिवशी मी उभा राहिलो. "अध्यक्षमहाराज, वाचनालयात येतात ती ही तीनच माणसं. ती हाकलून पुस्तकं वाचवायची, तर कोणासाठी? मग सरळ कुलूप लावू आणि किल्ली तुमच्या मेहुण्याला देऊ, संशोधनाला."

मेहुण्याचा उल्लेख होताच सगळ्या कार्यकारिणीच्या डोळ्यांत जुन्या आठवणीनं पाणी आलं. ठराव माझ्या बाजूनं झाला. वर्गणी जमवायची जबाबदारीही माझ्याच बाजूनं आली.

नवा वायू ठरला. ओझोनला न छेडणारा, आणि ठरल्या मापात आतल्या माणसाला उठून, चप्पल शोधून बाहेर जाण्याइतकी सवड देणारा. मला वाटलं, सुटलो. गॅसवाला कंत्राटदार आला. उत्साही गडी. त्यानं दालनाच्या भिंतींवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "साहेब, हा वायू खोलीत टिकला पाहिजे. फटी असल्या तर आग राहील आणि वायू निघून जाईल. खोलीची परीक्षा घ्यावी लागेल."

परीक्षा अशी होती. दारात ताडपत्रीची चौकट लावायची, तिच्यात भला मोठा पंखा बसवायचा आणि बाहेरची हवा आत रेटायची. हवा कुठून निसटते ते दिसावं म्हणून आत धूर सोडायचा. धुराचं यंत्र त्यानं नाटक कंपनीकडून मागून आणलं होतं. स्वर्गाच्या प्रवेशाला वापरतात ते. पुस्तकांना त्याचा त्रास नाही, याची मी दहा वेळा खात्री करून घेतली. पंखा घरघरला, धूर पांढऱ्या मांजरासारखा कपाटांमधून फिरला, थोडा घुटमळला आणि शेवटच्या कपाटामागं सरळ भिंतीत शिरून नाहीसा झाला.

"अरेच्चा," कंत्राटदार म्हणाला. "भिंतीपलीकडं काय आहे?"

पलीकडं केशकर्तनालय होतं. हे मला ठाऊक होतं, पण भिंतीतून त्याचा आमच्याशी काही संबंध असेल, हे ठाऊक नव्हतं. भिंतीतूनच आवाज आला, "आग! वाचनालयाला आग लागली रे!"

मी ओरडलो, "आग नाही! परीक्षा आहे!" पण पंख्याच्या घरघरीत माझी परीक्षा माझ्यापाशीच राहिली. रस्त्यावर गेलो तर केशकर्तनालयातून माणसं बाहेर पडत होती. एकाच्या गळ्यात कापड, एकाच्या अर्ध्या डोक्याचे केस गेलेले, एकाच्या तोंडाला फेस. सलूनवाले कंगवा कानावर खोचून अग्निशमन दलाशी फोनवर बोलत होते. दलाची तत्परता वाखाणण्याजोगी निघाली. एरवी आमच्या भागात वेळेवर काही येत नाही. त्या दिवशी बंब आला.

जवानांनी नळी सोडली आणि ते थेट दालनाकडं धावले. माझ्या डोळ्यांपुढं ती सगळी जुनी पुस्तकं उभी राहिली. वाळवीतून वाचली, दोन स्थलांतरांतून वाचली, अध्यक्षांच्या कारकिर्दीतून वाचली आणि आता विनाआगीच्या पाण्यात जाणार! मी धावत पुढं गेलो, दारात पंख्याकडं पाठ करून, हात पसरून उभा राहिलो. "पाणी मारायचं तर आधी माझ्यावर मारा!" असं मी गरजलो. आयुष्यात असं वाक्य एकदाच मिळतं.

दुर्दैवानं पंखा बाहेरची हवा आत ओढत होता. मला टक्कल आहे. ते मी डाव्या कानावरचे केस वाढवून, मोठ्या कौशल्यानं उजव्या कानापर्यंत नेऊन झाकतो, आणि हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी समजूत होती. पंख्यानं ती सगळी रचना मुळापासून उचलली आणि केस डोक्यावर झेंड्यासारखे मागं फडकायला लागले. जवान जागच्या जागी थबकले.

"साहेबांना शॉक बसलाय," एक जण म्हणाला. "मेन बंद करा!"

मेन बंद झाला. पंखा थांबला. केस खाली आले, पण चुकीच्या बाजूला. शांतता पसरली आणि त्या शांततेत माझं म्हणणं अखेर सगळ्यांना ऐकू गेलं. जवानांच्या प्रमुखानं आत जाऊन धूर हुंगला, नाटकाच्या यंत्राकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "पुढच्या वेळी प्रयोगाचे पास पाठवा." पाण्याचा एक थेंबही पडला नाही. केशकर्तनालयातले ते फेसवाले गृहस्थ टाळ्या वाजवत होते.

मग सगळ्यांनी मिळून शेवटच्या कपाटामागच्या त्या घडीच्या खुर्च्या बाजूला केल्या. मागं भिंतीत हातभर रुंद झरोका होता. पलीकडून सलूनवाल्यांच्या आरशामागं तो उघडत होता. गडबड ऐकून दोन्ही मित्रांसह आत आलेल्या सासऱ्यांकडं मी पाहिलं. सासरे छताकडं पाहायला लागले.

"म्हणजे तुम्ही तिघं इथं रोज वाचायला बसत नव्हता," मी म्हणालो.

"सुरुवातीला नव्हतो," गोलराव प्रामाणिकपणे म्हणाले. "सगळ्या गावाच्या बातम्या इथं ऐकू येतात. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं. तुमच्या वरच्या अध्यक्षांचे केस काळे कसे, हेही आम्हाला ठाऊक आहे."

"पुढं पुढं तेच ते यायला लागलं," सासरे म्हणाले. "मग कंटाळा आला की एखादं पुस्तक काढायचो आणि या दोघांना वाचून दाखवायचो. उंचरावांना कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्यानं."

यावर सलूनवाले पुढं आले. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव होता. पण पकडलेली चोरी त्यांची स्वतःचीच होती.

"ते वाचणारे आजोबा तुम्हीच का?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं. "आम्हीही ऐकतो ना हो! दुपारी गिऱ्हाईक मुद्दाम येतं. दाढी नसली तरी येतं. त्या सफरीच्या पुस्तकात जहाज वादळात सापडलंय, आणि काल नेमकं तिथंच तुम्ही थांबलात. हे साहेब," त्यांनी फेसवाल्या गृहस्थांकडं हात केला, "त्या जहाजासाठी आज पुन्हा दाढी करायला आलेत. गालावर आता करायला काही उरलेलं नाही."

निवृत्त झाल्यापासून आपली वाट पाहणारं कोणी असेल, हे सासऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "पोस्टातसुद्धा एवढी गर्दी माझ्यासाठी नव्हती हो. ती मनीऑर्डरसाठी असायची."

झरोका बुजवणं भाग होतं. त्याशिवाय वायू टिकणार नव्हता. पण सलूनवाल्यांचा चेहरा इतका पडला की मलाच बोलावं लागलं. "भिंत बुजवू," मी म्हणालो, "आणि दार उघडू. तुम्ही सगळे आतच या की."

वर्गणीचं कोडं तिथंच सुटलं. केशकर्तनालयात मी एक डबा ठेवला आणि वर लिहिलं, 'जहाजासाठी'. लोकांनी तो आनंदानं भरला. ओझोनबाईंनी शब्द पाळला. मधल्या काळाची परवानगी त्यांनी अशी मिळवली की, हातानं चालवायची छोटी अग्निशामकं दालनात ठेवायची आणि उघड्या वेळात जबाबदार माणसांनी पहारा करायचा. जबाबदार माणसं म्हणून उंचराव, गोलराव आणि सासरे यांची नेमणूक झाली. तिघंही ओळखपत्र गळ्यात घालून झोपायलाही जातात, अशी तक्रार त्यांच्या घरून आली.

जुने सिलिंडर भिंतीवरून उतरले, त्यांचं वजन झालं, ते गाडीत चढले. ओझोनबाईंनी सांगितलं, की हा वायू साफ करून राखून ठेवतात. विमानांत वगैरे, जिथं अजून पुरता पर्याय बसलेला नाही, तिथं तो वापरतात. सासरे गाडीपाशी जाऊन एका सिलिंडरवर हात ठेवून म्हणाले, "आयुष्यभर भिंतीला टांगून घेतलंस, आणि निवृत्तीनंतर विमानात चाललास. मजा आहे तुझी." बायको शेजारीच उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि विचारल्यावर म्हणाली, की मेहुण्याच्या मिश्रणाचा वास अजून अंगणात आहे.

नवे सिलिंडर बसले. शेवटची परीक्षा राहिली होती. माणसांसकट भोंगा वाजवून दालन रिकामं करून दाखवायचं आणि धोका टळल्यावर सगळ्यांना मोजून परत आत नेऊन बसवायचं. ओझोनबाई घड्याळ घेऊन आल्या. दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. सलूनवाले दुकानाला पाटी लावून आले होते. बंबाचे जवान साध्या कपड्यांत आले होते. समोरच्या वहिनी आल्या होत्या, आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत होते; टोपी घालून, कारण केसांचा विषय आता गावभर झाला होता. सासरे मधोमध बसून वाचत होते. जहाजाचं सुकाणू तुटलं होतं, शीड फाटलं होतं, आणि कप्तान दोरीला धरून काहीतरी ओरडणार होता, तेवढ्यात भोंगा वाजला.

मी देवाचं नाव घेतलं. पण काय सांगू! सगळे एका झटक्यात उठले. चपला कोणी शोधल्या नाहीत, कारण गोलरावांनी त्या आधीच सगळ्यांना पायात ठेवायला लावल्या होत्या. उंचरावांच्या चष्म्याला दोरी बांधली होती. "आधी तुम्ही" कोणी म्हणालं नाही. अध्यक्षांना तर दोघांनी काखेत धरूनच काढलं. 'करायचंच कशाला' म्हणायलाही सवड दिली नाही. बघता बघता दालन रिकामं झालं, दार आपोआप लागलं, आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे.

सासरे बाहेर आले ते पुस्तक डोळ्यांसमोर धरून, वाचतच. बायको त्यांचा दंड धरून त्यांना पायरी दाखवत होती. वाचन थांबलंच नव्हतं. कप्तान ओरडला, लाट आली, आणि भाजीची गाडी ढकलणारा माणूस गाडी सोडून उभा राहिला. एक रिक्षा थांबली. गर्दी रस्त्यावर गोल करून उभी राहिली. कोणी खोकलंसुद्धा नाही.

ओझोनबाईंच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. त्या ते बंद करायला विसरल्या होत्या. बऱ्याच वेळानं भानावर येऊन त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "बाहेर पडण्यात तुम्ही सगळे पास. पण परीक्षा संपवायची तर यांना परत आत न्यावं लागेल. हे आत कधी जाणार?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा हो, बाई," मी म्हणालो. "आधी जहाज किनाऱ्याला लागू द्या."